सव्वा इंच जास्त

मावशी: काढून टाकलं ना तुला? सरळ सांग. भरदुपारी कारखाना सोडून माझ्या दुकानात आलीस, म्हणजे काहीतरी झालंच आहे.

भाची: आधी बसू तर दे. धावत आलेय मी.

मावशी: स्टुलावरचे पडदे खाली ठेव आणि बस. पाणी माठात आहे. आता बोल.

भाची: सकाळी हॉस्पिटलच्या मेट्रनबाई आल्या. बरोबर दोन गठ्ठे. आमच्याच कारखान्यात शिवलेले नर्सांचे कोट. आल्या आल्या मालकांना म्हणाल्या, सतरा नंबरचा लॉट कोणी कापला होता, त्याला बोलवा.

मावशी: सतरा नंबर म्हणजे तोच ना, ज्याच्यापायी तुला सहा महिने पॅकिंगला बसवलं?

भाची: तोच. चार वर्षांपूर्वीचा. माझा कटिंगमधला पहिला आठवडा. तक्त्यावर लिहिलेलं, शिवणीला माया पाव इंच. आणि मी आपली खडू घेऊन तू लावलेल्या सवयीने दीड इंच सोडत गेले. तीनशे कोट कापून झाल्यावर लक्षात आलं.

मावशी: हाताला वळण लागलेलं, तो तरी काय करील? शिवणीत कापड राखून ठेवलं की माणूस जाड झालं तरी कपडा सैल करता येतो. पाव इंचात काय सोडणार, धागे? दिवसाला चार गिऱ्हाइकं मी याच कारणाने परत पाठवते. बाई, यात सोडायला काही ठेवलेलंच नाही, म्हणते.

भाची: आणि वर आमच्या कोटांना हिरव्या पानाचं लेबल असतं. कमी कापडात बनवलेला कोट, निसर्गाची काळजी.

मावशी: कात्रीने वाचवायचं आणि उकिरड्यावर टाकायचं. अजब काळजी आहे. बरं, पुढे?

भाची: मी गेले. मालकांनी मला तोंडच उघडू दिलं नाही. म्हणाले, मॅडम, मुलगी नवीन होती, चूक झाली, आम्ही तिला शिक्षाही केली. मेट्रनबाईंनी पहिला गठ्ठा सोडला. चिंध्या नुसत्या. काखेत उसवलेले, कडेला फाटलेले. म्हणाल्या, हे तुमचे बाकीचे कोट. वर्षा-दीड वर्षात गेले. फरशी पुसायला घ्यावे तर पाणी टिपत नाहीत, कारण अर्धं पॉलिस्टर. मागच्या अंगणात जाळतो, तर धूर वॉर्डात शिरतो आणि पेशंट खोकतात.

मावशी: आणि दुसरा गठ्ठा?

भाची: सतरा नंबर. त्यातले काल अंगात घातलेले कोट होते, धुवून आणलेले. तीनशेपैकी दोनशे साठ अजून वापरात आहेत, मावशी. चार वर्षांनी. कुणाला मूल झालं, कुणी जाड झालं, कुणी आपला कोट नव्या नर्सला दिला. प्रत्येकीने कुठून कुठून सैल करून घेतलाय. रंग विटलाय, पण शिवण भक्कम.

मावशी: दोनशे साठ. परत सांग.

भाची: दोनशे साठ. मालक म्हणाले, माफ करा, पुढे अशी चूक होणार नाही. त्यावर बाई म्हणाल्या, मला तीच चूक हवी आहे. नव्या ऑर्डरच्या चारही हजार कोटांना.

मावशी: अगं बाई.

भाची: मलाही हसावं की रडावं कळेना. मग त्यांनी अट घातली. कोट घट्ट झाला, फाटला, तर कारखान्याने परत घ्यायचा, नीट करून द्यायचा. नवीन फक्त अगदीच गेलेल्याच्या बदली. मालकांचं तोंड पडलं. पण नाही म्हटलं तर काम दुसरीकडे जाणार.

मावशी: म्हणजे हो म्हणाला.

भाची: थांब ना. बाईंनी अंगातला कोट काढला आणि टेबलावर ठेवला. काखेत दाटतो, म्हणाल्या, आत्ता करून दाखवा. चाळीस जणी मशीनवर, मावशी, आणि सगळ्या एकमेकींकडे बघतायत. एक नऊ वर्षं फक्त कॉलर लावते. एक फक्त खिसा. उसवायचं कसं, कुणालाच ठाऊक नाही.

मावशी: तू काय केलंस?

भाची: ब्लेड घेतलं आणि बसले. तू शिकवलंस तसं, एक टाका सोडून एक. ओढायचं नाही, कापडाला विचारत जायचं. वीस मिनिटांत कोट तयार. बाईंनी घातला, दोन्ही हात वर केले आणि म्हणाल्या, श्वास घेता येतोय. सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. कॉलरवाली तर रडलीच.

मावशी: माझे डोळे का पाणावलेत, ते विचारू नकोस. कापडाचा धागा गेला असेल डोळ्यात.

भाची: पुढचं ऐक. सगळ्यांना शिकवायला माणूस हवाय. मी तुझं नाव सांगितलं.

मावशी: मी त्या दारात पाय ठेवणार नाही.

भाची: का, ते मला माहीत आहे.

मावशी: तुला अर्धंच माहीत आहे. अठरा वर्षांपूर्वी नोकरी मागायला गेले होते. याच मालकाने समोर घड्याळ ठेवलं. मिनिटाला तीन खिसे. मी एक लावला. त्याने मान हलवली आणि पुढचीला हाक मारली. बाई, तुम्ही फार सावकाश आहात, एवढंच बोलला. त्या दिवशी घरी येईपर्यंत मला रस्ता दिसला नव्हता.

भाची: घड्याळाचं आणि त्या एका खिशाचं मला ठाऊक होतं, मालकांना तेच सांगितलं. सगळ्यांसमोर. म्हटलं, ती येईल तर घड्याळ लावायचं नाही.

मावशी: तू मालकाला असं बोललीस?

भाची: बोलले. एवढं कुठून आलं कुणास ठाऊक. मालक म्हणाले, त्यांचा तो एक खिसा अजून टिकला असेल, नाही? आणि तुला विचारायला मलाच पाठवलं, भरदुपारी. खरं तर ते स्वतःच निघाले होते. मी म्हटलं, आधी मी जाते.

मावशी: शहाणी आहेस.

(मावशी बराच वेळ मशीनचं चाक हाताने फिरवत राहते.)

भाची: नाही म्हणालीस तरी चालेल, मावशी. मी एकटी शिकवीन, जमेल तेवढं.

मावशी: चाळीस जणी, म्हणालीस?

भाची: चाळीस.

मावशी: खिसेवालीला माझ्याजवळ बसव. आणि भोंगा किती वाजता होतो तुमचा?

भाची: आठला.

मावशी: मग साडेसातला न्यायला ये. उसवायचं काम सकाळच्या उजेडातच नीट होतं.