दुसरा मोजा

माझी बायको गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी कागद मिळेपर्यंत मी दवाखान्यातल्या बाकावर बसून होतो. शेजारी एक म्हातारी बसली होती. तिचे हात थरथरायचे, म्हणून ती मुलीला मोजा विणायला शिकवत होती.

"आई, बघ ना. तुझा मोजा सैल झालाय, माझा घट्ट. जोडी जमतच नाही."

"रागारागाने विणतेस, मग लोकर बिचारी काय करील?"

"बाबा म्हणतील, एक पाय सासरी, एक माहेरी."

"म्हणू देत. हात बदलला की वीण बदलायचीच. असं कर, माझा उसव आणि दोन्ही तूच विण."

"तुझा नाही मी उसवणार."

"अगं वेडे, लोकर कुठे जातेय?"

"लोकर राहील गं. तुझा हात कुठून आणू?"

"बरं बाई, राहू दे तसाच. बुटात कोण बघतंय? हं, आता टाच आली. इथे नीट लक्ष दे. आधी अर्धे टाके बाजूला ठेव..."

तेवढ्यात माझं नाव पुकारलं, म्हणून मला उठावं लागलं.

घरी बायकोच्या सुयांवर माझा दुसरा मोजा आहे. तो घोट्यापर्यंत विणून झाला आहे. टाच व्हायची आहे.