दाराबाहेरची हजेरी

(दक्षिण डकोटातल्या एका लकोटा कॉलेजचं नोंदणी कार्यालय. नोव्हेंबरातली दुपार. टेबलाच्या एका बाजूला लोरीन, दुसऱ्या बाजूला तिची नणंद रोझेला.)

लोरीन: एका विषयातून नाही, वन्सं. सगळ्यांतून नाव काढा.

रोझेला: आधी बस. आणि हे केस कोणी कापले? घोड्याने कुरतडले का?

लोरीन: मीच कापले. आईला मातीत ठेवून आलो त्या दिवशी. तुम्ही होतात की तिथे, सूप वाढत होतात.

रोझेला: होते. तेव्हा गप्प बसले. पण किती दिवस बसू? नणंद आहे मी तुझी. मी चिडवलं नाही तर लोकांना वाटेल आपलं भांडण झालंय.

लोरीन: चिडवा. पण नाव काढा.

रोझेला: काढायची मुदत गेल्या शुक्रवारी संपली. मुदतीत आली असतीस तर नुसती 'माघार' लागली असती, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. आता सोडलंस तर सगळीकडे नापास.

लोरीन: लागू दे नापास.

रोझेला: दोनदा माघार घेऊन झालीय तुझी. एकदा थोरल्याच्या वेळी, एकदा माझ्या भावाला तेलाच्या विहिरींवर काम लागलं तेव्हा. तिसऱ्यांदा गेलेली बाई परत आलेली मी या खुर्चीवरून अजून पाहिली नाही. शिक्षिका व्हायला तुला हे सत्र आणि पुढचं एक, एवढंच उरलंय. खरं कारण सांग.

लोरीन: गाण्याचा वर्ग.

रोझेला: हॉबर्टकाकांचा?

लोरीन: त्याची परीक्षा म्हणजे डिसेंबरात सगळ्या गावासमोर ढोलामागे उभं राहून चार गाणी म्हणायची. मी दुखवट्यात आहे. वर्षभर गायचं नाही, नाचायचं नाही. हे तुम्हाला काय सांगायचं.

रोझेला: मग तेवढ्या एका वर्गातून नीघ.

लोरीन: निघाले की क्रेडिट कमी पडतात. पूर्ण वेळ विद्यार्थिनी राहत नाही आणि शिष्यवृत्ती जाते. ती गेली की बाकीचे वर्गही गेले. मी सगळा विचार केलाय, वन्सं. झोप येत नाही, तेव्हा हेच करते.

रोझेला: 'अपूर्ण' शेरा मागायचा, परीक्षा नंतर द्यायची.

लोरीन: तो मेपर्यंत पुरा करावा लागतो. माझं वर्ष ऑक्टोबरात संपतं. आणि मागू कुठल्या तोंडाने? आई गेल्यापासून त्या वर्गात पाऊल टाकलेलं नाही मी.

रोझेला: अस्सं. मंगळवारी दुपारी कुठे होतीस?

लोरीन: घरी.

रोझेला: मग कॉरिडॉरमध्ये पाण्याच्या नळाजवळ भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली ती कोण होती? केस अगदी तुझ्यासारखेच कुरतडलेले.

लोरीन: ...कोणी सांगितलं?

रोझेला: अख्खं कॉलेज तुझे पाय ओलांडून जातंय, वहिनी.

लोरीन: दार उघडं असायचं, म्हणून बसले. तोंड मिटून. ऐकणं म्हणजे काही गाणं नव्हे, असं मनाला समजावलं. तुम्हाला वाटतं, चुकलं माझं?

रोझेला: मला विचारू नकोस. हे बघ, काकाच आले. त्यांना विचार. काका, बसा. स्वेटर किती घातलेत?

हॉबर्ट: तीन.

रोझेला: पोरं तक्रार घेऊन आली होती माझ्याकडे. म्हणतात, कोट घालून गावं लागतं, ओठ वळत नाहीत. कॉरिडॉरला हीटर नाही, आणि नोव्हेंबरात दार सताड उघडं ठेवून कोण शिकवतं?

हॉबर्ट: दार बिघडलंय.

रोझेला: त्याला खुर्ची लावून ठेवलीय. मी पाहिलीय ती खुर्ची.

हॉबर्ट: खुर्ची काढली की बिघडतं.

लोरीन: काका, ते माझ्यासाठी होतं?

हॉबर्ट: तुझी हजेरी लावलीय मी. एकही दिवस चुकलेला नाही. विद्यार्थिनीने भिंतीच्या आतच बसायचं, असं मला कुणी लिहून दिलेलं नाही.

लोरीन: पण परीक्षा?

रोझेला: तेही सांगा तिला. मी सांगितलं तर म्हणेल, नणंदेने जमवलं.

लोरीन: म्हणणार नाही मी. गाव म्हणेल.

रोझेला: म्हणूनच तर कॉलेजच्या समितीच्या बैठकीत हे तुझ्यासाठी बोलायला उभे राहिले आणि मी उठून बाहेर गेले. गाडीत जाऊन बसले. आत काय बोललात, काका, ते मला अजून नीट माहीत नाही.

हॉबर्ट: फार नाही बोललो. म्हटलं, आपल्या घरात माणूस गेलं की वर्ष पाळतो. कॉलेज आपलं आहे. मग कॉलेजात ते वर्ष मेमध्ये कसं संपतं? डीनबाईंनी विचारलं, उद्या कोणीही उठून दुखवटा सांगेल, त्याचं काय करायचं? त्यावर समितीतल्या वेरीनआजी म्हणाल्या, इथे कोणाच्या घरी कोण गेलं हे ज्याला माहीत नाही असा माणूस दाखव. मग हसले सगळे आणि झालं.

लोरीन: काय झालं?

हॉबर्ट: गाण्याच्या आणि नाचाच्या वर्गांना 'अपूर्ण' शेरा आता दुखवटा संपतानाच्या वर्षाच्या जेवणापर्यंत चालेल. सगळ्यांना. या सत्रात तुझ्यासारखी आणखी दोघं आहेत.

रोझेला: क्रेडिट मोजले जातील, शिष्यवृत्ती राहील. बाकीच्या वर्गांत मात्र तुला आत बसावं लागेल, खुर्चीवर, माणसासारखं.

हॉबर्ट: आईचं वर्ष घालशील, तुझे डोळे पुसायचा विधी होईल, मग तिच्यासाठी गाशीलच ना? मी तिथे असेन. तीच परीक्षा. मला जेवायला बोलवावं लागेल, एवढंच.

लोरीन: काका, मी... तुम्ही एवढं का केलंत?

हॉबर्ट: मी काही केलं नाही. फेडतोय.

लोरीन: काय फेडताय?

हॉबर्ट: गेल्या वर्षी माझा वर्ग बंद होणार होता. सहा नावं लागतात, चारच होती. तुझी आई रोज तुला सोडायची आणि गाडीत बसून राहायची. एक दिवस खिडकीवर टकटक करून म्हटलं, आत येऊन कॉफी घ्या. कॉफी पिता पिता तिने वर्गाची सगळी अडचण काढून घेतली माझ्याकडून. दुसऱ्या दिवशी नाव घातलं. आणि बहिणीचंही घातलं, तिला न विचारता.

लोरीन: नाव घातलं? आईने? ती तर म्हणायची, गाडीत थंडी वाजते म्हणून आत बसते.

रोझेला: मलाच काय, सगळ्या गावाला दम दिला होता, लोरीनला सांगायचं नाही. म्हणे, पोरगी शिकतेय, तिला वाटेल आई मागे मागे येते.

लोरीन: आणि परीक्षा? डिसेंबरातली?

हॉबर्ट: तू तेव्हा धाकटीला ताप होता म्हणून घरी होतीस. ती आली. चारही गाणी म्हटली.

लोरीन: कशी म्हटली?

हॉबर्ट: सूर एकदाही लागला नाही. पण शेवटपर्यंत उभी राहिली, बहिणीचा हात धरून.

रोझेला: तीन क्रेडिट आहेत तिच्या नावावर. कुणी पुसणार नाही ते.

लोरीन: घरात भांडी घासताना तेच गुणगुणायची. मी म्हणायचे, आई, पुरे, डोकं दुखतं.

रोझेला: दुखायचंच. मीही ऐकलंय ते.

लोरीन: वन्सं, तुम्ही अगदी...

रोझेला: हसलीस. काका, साक्षीदार आहात तुम्ही. हसली ही.

हॉबर्ट: हसली. मी येतो. पोरं वाट बघत असतील, गारठली असतील.

लोरीन: काका, आजपासून दार लावा. मी आत बसेन, मागे. गाणार नाही.

हॉबर्ट: बस. जागा आहे.

रोझेला: गेले. बरं, तू आता इथे आलीच आहेस तर पुढच्या सत्राची नोंदणीही करून टाकते. शिकवण्याच्या सरावाचा वर्ग. सकाळचा की संध्याकाळचा?

लोरीन: सकाळचा.

रोझेला: सकाळचा भरलाय.

लोरीन: संध्याकाळी नाही जमणार. संध्याकाळी मुलांजवळ आई बसायची.

रोझेला: संध्याकाळचा लिहिते. मी पाचला सुटते.

लोरीन: धाकटीला अंधाराची भीती वाटते, वन्सं.

रोझेला: मलाही वाटते. दोघी दिवा लावून बसू.