चंदेरी काळा

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक वृद्ध जोडपं बसलं होतं. आजोबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तयार नव्हते.

“रंगाच्या कारखान्यात भट्टी सांभाळलीत, आणि एवढ्याशाला घाबरता?”

“घाबरत नाही गं. पण आता बघायचं काय उरलंय? कारखान्यानं भट्टीही विकली.”

“तो चंदेरी काळा रंग आठवतो?”

“विसरेन होय? अभ्रकाच्या पापुद्र्यांना लेप द्यायचा आणि हवा कोंडून भाजायचं. हवा शिरली की लेपातला कार्बन जळून जायचा. मग हाती नुसती पांढरी पूड.”

“मी नमुन्याचं कार्ड रंगवून आणायचे.”

“ते तिरकं धरूनच बघावं लागायचं. त्याशिवाय झळाळी कळत नाही.”

“कार्ड खाली ठेवलं तरी तुमची नजर तिरकीच. माझ्याकडे.”

“तुला कळायचं?”

“अख्ख्या खात्याला कळायचं.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर बघायचं थांबला असतात. आता कशी दिसते मी?”

“धुकं दिसतं. आवाज तेवढा तुझा.”

“आजोबा, काय ठरलं?” नर्सनं विचारलं.

“करू या, सिस्टर. फक्त डोळा उघडाल तेव्हा हिला समोर बसू द्या.”