तात्यांचा डावा हात

माझ्या मुलुंडच्या पियानो क्लासमधल्या तात्यांचं सांगितलंय का तुम्हाला? सत्तरीचे, मूळ मालवणचे. आयुष्यभर भजनी मंडळात पेटी वाजवलेली. डाव्या हाताने भाता मारायची सवय इतकी मुरलेली, की पियानोवर बसले तरी तो हात हवेतच हलायचा. पुस्तकातला धडा काही पुढे सरकेना आणि क्लासमधली पोरं खुदखुदायची. एक दिवस तात्या उठलेच.

"सर, ह्या माका जमाचा नाय. उद्यापासून येवचंय नाय."

मला समजावणं वगैरे जमत नाही, यार. घाबरतच विचारलं, "तात्या, तुमचा सगळ्यात आवडता गजर कुठला?"

ते परत बसले आणि उजव्या हाताने गजर सुरू केला. डावा लागला हवेत हलायला. मी तो अलगद धरून खालच्या पट्ट्यांवर आणला, सा आणि प दाखवले. "भाता मारता ना, तसंच आता इथे मारा."

मारला, आणि दोन्ही हात एकदम तालात! हसणारी पोरं टाळ्यांनी ठेका द्यायला लागली. खरं सांगतो, त्या दिवशी पहिल्यांदा मला मी 'सर' वाटलो.

तात्या मात्र माझ्याकडे बघतच नव्हते. डाव्या हाताला दम देत होते, "इतकी वर्षां नुसतो वारो घातलंस, आता गा मेल्या!"