एकशेबारा अभिप्राय

(नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांची खोली. सकाळ. टेबलावर प्रेक्षकांच्या चिठ्ठ्यांची पेटी उघडी आहे. समोर नाटक लिहिणारी सून आणि तिच्यासोबत आलेले तिचे सासरे. शाळेतून निवृत्त झाले तरी त्यांना सगळे अजून गुरुजीच म्हणतात.)

गुरुजी : ...म्हणून माझे म्हणणे इतकेच, की लोकांच्या घसरत्या बुद्धीवर जिने नाटक लिहिले, तिचा निवाडा त्याच लोकांच्या बुद्धीने व्हावा, यात अन्याय काही नाही. दुसऱ्याला हसणे सोपे असते, सूनबाई. ज्याला हसलो त्याच्यापुढे निमूट उभे राहणे मात्र अवघड. तो अवघड भाग आज तुझ्या वाट्याला आला आहे.

सून : निमूटच उभी आहे, बाबा. व्यवस्थापकांचा फोन आल्यापासून तीन दिवस दुसरं काय करतेय मी?

व्यवस्थापक : आधी बसा तरी दोघं. मला काय हौस आहे का नाटक उतरवायची? पडदा ओढणारा हसला, दिवे लावणारा हसला, मी स्वतः खुर्चीतून घसरलो. पण मालकांचा नियम म्हणजे नियम. चार प्रयोग झाले की चिठ्ठ्या बघायच्या आणि ठरवायचं. एकशेबारा चिठ्ठ्या, सरासरी दहापैकी साडेतीन. मालकांना मी काय तोंड दाखवू? शुक्रवारपासून जादूगाराला तारखा दिल्यात. बाहेर बाकावर बसलाय तो, सही करायला.

सून : साडेतीन. मी शाळेत गणितातसुद्धा कधी इतकी खाली गेले नव्हते.

गुरुजी : निराश होऊ नये. परंतु मला एक कळले नाही. चिठ्ठीवर रकाने दोनच होते, नाव आणि अभिप्राय. गुणांचा रकाना मला कुठे दिसला नाही.

व्यवस्थापक : तेच तर कौतुक, गुरुजी. रकाना नसताना लोकांनी आपणहून गुण दिले. लाल शाईत, भोवती गोल काढून. एवढे जागरूक प्रेक्षक मी वीस वर्षांत पाहिले नाहीत.

गुरुजी : लाल शाईत.

व्यवस्थापक : मजकूर निळा, आकडा लाल. मी म्हटलं, कुणीतरी दाराशी दोन पेनं ठेवली असतील. आणि कडक तरी किती. हा बघा, स्वतःच्याच अभिप्रायाखाली स्वतःच शेरा मारलाय. 'मुद्दा मांडला, विस्तार नाही.' हा दुसरा : 'विषयांतर.' आणि हे तर ऐकाच : 'पुन्हा लिहून आणणे.' कुणी आणायचं, कुणाला आणायचं, देव जाणे.

सून : बाबा.

गुरुजी : आकडा प्रेक्षकाने घातला नसेल, असेही संभवते.

व्यवस्थापक : मग कोण घालणार? पेटी इथून निघाली ती तुमच्या घरी गेली आणि तुमच्या घरून परत इथे आली.

सून : पेटी मी नेली, पण उघडायचा धीर झाला नाही. बाबांना म्हटलं, तुम्ही वाचा आणि मला सोसवतील तेवढ्याच सांगा. बाबा काही बोलले नाहीत. मी समजले काय समजायचं ते, आणि पेटी तशीच पाठवून दिली. बाबा, या वरच्या चिठ्ठीवरचा लाल सात तुमचा आहे. मधे आडवी रेघ मारलेला. दूधवाल्याच्या कागदावरही तुम्ही असाच काढता.

व्यवस्थापक : मी जादूगाराला आत बोलावू की चहा सांगू?

गुरुजी : थोडे थांबावे. मला हे नीट सांगितले पाहिजे, आणि वयामुळे वेळ लागतो. छत्तीस वर्षे मी उत्तरपत्रिका तपासल्या. पुढे लिहिलेला कागद आला की माझा हात माझ्या संमतीची वाट पाहत नाही. पहिली चिठ्ठी मी वाचली ती केवळ वाचण्यासाठी. दुसरीला लेखणी हातात होती. पुढचे मला आठवत नाही. ते गुण नाटकाचे नव्हेत. ते अभिप्रायांचे आहेत. प्रेक्षकांना साडेतीन मिळाले, सूनबाईला नव्हे. आणि आत्ता येथे बसून मी तिला निवाडा मान्य करण्याचा उपदेश करत होतो. तो निवाडा माझाच होता.

व्यवस्थापक : म्हणजे तुम्ही आमच्या प्रेक्षकांना नापास केलंत.

गुरुजी : बहुतांश.

सून : हसू नका हो तुम्ही. माझ्या पोटात तीन दिवस अन्न नाही.

व्यवस्थापक : हसू नको तर काय करू? बुद्धी गहाण टाकणाऱ्या गावावरचं नाटक मी बुद्धी न वापरता उतरवत होतो. शाई बघितली, आकडे मांडले, भागाकार केला. एक चिठ्ठी वाचली असेल तर शपथ. तुमच्या नाटकातलं ते विचार खातं, खिडकीशी अर्ज दिला की आतला कारकून आपल्या वतीनं विचार करून देतो, तिथे मला उद्या नोकरी मिळेल.

सून : ती खिडकी उघडल्यावर आत कुणी नसतं. शेवटचा प्रवेश विसरलात.

व्यवस्थापक : तेच म्हणतोय. जागा रिकामी आहे.

सून : मग वाचा आता. मोठ्यानं. मलाही ऐकू द्या.

व्यवस्थापक : बरं. 'नाटक अप्रतिम. माझ्या मेव्हण्याने अवश्य पाहावे.'

गुरुजी : तीन. विषयांतर.

व्यवस्थापक : 'मध्यंतरानंतर डोळा लागला, परंतु जेवढे पाहिले त्यात समाजाचे यथार्थ चित्रण आहे.'

गुरुजी : दोन. प्रामाणिकपणाचे.

व्यवस्थापक : 'अशी नाटके लोकांना कळत नाहीत. मला कळले.' हे माझ्या ओळखीतलं अक्षर वाटतंय. 'शेजारच्या दोन्ही घरांना दाखवायला हवे.' 'आमच्या साहेबांना पुढच्या रांगेत बसवावे.' आणि हा : 'विचार खाते सकाळी किती वाजता उघडते, कृपया कळवावे.'

गुरुजी : त्याला शून्य दिले. आता वाटते, एक द्यायला हवा होता. त्याने चौकशी तरी केली.

सून : म्हणजे एकालाही ते स्वतःबद्दल वाटलं नाही. सगळ्यांना मेव्हणाच दिसला. दोन वर्षं मी काय लिहीत होते मग?

व्यवस्थापक : थांबा, थांबा. मेव्हणा, शेजारी, साहेब, सासूबाई, सासूबाई, व्याही. किती झाले? अहो, निम्म्याहून जास्त लोकांनी कुणा ना कुणाला पाठवायचं लिहिलंय. ते मेव्हणे आले की ते त्यांच्या मेव्हण्यांना धाडणार. हे नाटक वर्षभर उतरत नाही. जादूगाराला मी सोमवारची सकाळ देतो, शाळेच्या मुलांसाठी. चिडेल थोडा.

सून : नाटक चालेल हो. पण पोचलं नाही.

गुरुजी : तू स्वतः एकदाही पेटीत हात घातला नाहीस, सूनबाई. खालून चौथी किंवा पाचवी असेल. कोपरा दुमडलेली. ती तू वाच. मी तिला चार गुण दिले आहेत आणि 'उत्तर प्रश्नाला धरून नाही' असे लिहिले आहे.

सून : ही? 'नाटकातल्या खिडकीपुढच्या रांगेत प्रश्न विचारणाऱ्या पोराचं तोंड दाबून उभ्या असलेल्या बाईला मी फार हसले. घरी गेले तर मुलगी विचारायला लागली, सावली पाण्यात भिजत का नाही. मी म्हटलं, नंतर. मग ती बाई आठवली. पुढच्या प्रयोगाला परत आले, तेव्हा हसू आलं नाही. ही चिठ्ठी तेव्हाची आहे. मुलीला अजून उत्तर देता आलेलं नाही, पण आम्ही दोघी बादली घेऊन बसलो होतो.' बाबा, याला चार?

गुरुजी : होय. कारण अभिप्राय नाटकाचा मागितला होता, आणि तिने नाटक कसे होते ते कुठेच सांगितले नाही. त्या क्षणी माझे बोट पानावर होते आणि मन पुढच्या चिठ्ठीत. मी वाचत नव्हतो. मी गठ्ठा संपवत होतो.

व्यवस्थापक : गुरुजी, एवढं मनाला लावून घेऊ नका. मी तर गठ्ठाही उघडला नव्हता.

गुरुजी : नाटक पाहताना मी कोणाला हसलो ते कुणी विचारले नाही. आत कुणी नाही हे कळण्याआधी मी त्या खिडकीआडच्या कारकुनाला हसलो. 'हा मुळीच वाचत नाही,' असे शेजारच्या गृहस्थांना सांगितलेसुद्धा. सूनबाई, तुझे तीन दिवस मी वाया घालवले. ते मला परत देता येणार नाहीत. क्षमा मागतो.

सून : असं बोलू नका, बाबा. तुम्ही माझी क्षमा मागायची म्हणजे मला अवघडायला होतं. मीच पेटी तुमच्या गळ्यात टाकली. दुसऱ्यानं वाचावं, दुसऱ्यानं सोसावं. नाटक लिहिणारी मीच, आणि खिडकीशी अर्ज घेऊन उभी राहिले तीही मीच.

व्यवस्थापक : तिघंही एकाच रांगेत आलो म्हणायचं. चहा सांगतो. जादूगारालाही देतो, तसंही त्याला वाईट बातमी द्यायचीय.

सून : ही चिठ्ठी मी ठेवून घेऊ?

व्यवस्थापक : ठेवा की. बाकीच्या चिठ्ठ्या मालकांना दाखवतो. लाल आकड्यांचं काय सांगू त्यांना?

गुरुजी : जसे घडले तसे सांगावे. माझे नाव सांगावे. आणि त्या बाई पुन्हा प्रयोगाला आल्या तर त्यांना माझा नमस्कार कळवावा. सावलीचे उत्तर मलाही येत नाही, हेही सांगावे.

सून : एवढंच सांगायचं?

गुरुजी : मुलीला माझा आशीर्वाद. तिला नवे नवे प्रश्न पडत राहोत, आणि ती विचारील तेव्हा घरात कुणीतरी रिकामे बसलेले असो.