टोळीचा खांदा

— आता तुम्हीच सांगा मॅडम, एकाच मोंढ्यात, एकाच टोळीत, एकसारखीच तुरीची पोती वाहणारे आम्ही चौघं — मंग खांद्यातला चुन्याचा खडा बी एकसारखाच असणार न्हाई का? एकाच जागी? हरभऱ्याच्या डाळीएवढा? हाव, चौघांच्या बी. नंबर चार, सात, अकरा न् चौदा. हसू नका, तुम्ही हसल्या की हात हलतो तुमचा, न् त्या गारगार मलमानं मला गुदगुल्या होतेत.

पहिल्या दिवशी तर अख्खा मोंढा हसला तुमच्या मशीनला. हे तर बायांच्या पोटाला लावतेत, हमालाच्या खांद्यात काय शोधून राह्यली ही बाई! आमचा मुकादम सर्जेराव म्हणला, तातेराव, काय निघतंय ते सांग, पेढे वाटू. निघाला खडा! — पण तुम्ही समजून किती सांगितलं. खांद्यात दोरी असती, ती वर्सानुवर्सं घासून झिजती, सुतळीवाणी एक एक धागा तुटतो न् माणसाला पत्ता बी न्हाई. कुणाची तुटती न् कुणाची काहून तुटत न्हाई, त्याचंच तुमचं संशोधन. न् माझी बघून म्हणल्या — तातेराव, सव्वीस वर्सं हमाली करून बी उजवी दोरी शाबूत, नुसता एक खडा! तिथंच चुकलं बगा तुमचं. मोठ्यानं म्हणल्या. बाहेर सगळी टोळी बसलेली.

कोण, मी? नाव बदलून? कोण म्हणतं? — बरं, आल्तो. एकदा टोपी घालून, एकदा मफलर गुंडाळून. चौदा नंबरला तर मिशी काढून आल्तो. बायको दोन दिवस बोलली न्हाई माझ्याशी. मला वाटलं तुम्ही चेहरे बघता. तुम्ही तर आतला खडा वळखला!

पण फसवलं म्हणू नका. आमची रीतच तशी. टोळी म्हंजी बारा माणसं — भाकर वाटून, तंबाखू वाटून, कुणाला ताप आला तर त्याची पोती वाटून. मंग बारा जणांत एक चांगला खांदा निघाला, तर तो काय एकट्या तातेरावाचा? टोळीचा झाला तो. ज्याला लागंल त्यानं वापरावा. न् भीती बी होती, खोटं काहून बोलू. कुणीतरी उठवलं की बाईची यादी वर जाणार, न् ज्याची दोरी तुटकी त्याचा हमालीचा बिल्ला जमा. — न्हाई? बिलकुल न्हाई? नुसते नंबर जातेत, नावं तुमच्याच वहीत? हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं? असंल. आम्ही मशीनकडंच बघून राह्यलतो.

मंग भिवाचं उगंच — छ्या. निघालं तोंडातून. हाव, अकरा नंबर भिवाचा. शहागडचा हाय. आठ महिने झाले, उजवा हात छातीच्या वर जात न्हाई. खांद्यावर पोतं घेतलं की हात वर करून धरावं लागतं, न् ह्याला सदऱ्याची बाही घालता येईना. सकाळी मी घालून देतो. मंग आम्ही त्याला दाभणावर बसवला — बसल्या जागी पोत्यांची तोंडं शिवायची, हात वर न्यायचं काम न्हाई. टोळीत बसायची तेवढी एकच जागा. एकच. दुसरा बसला की पहिल्यानं उठायचं. न् त्याच्या वाट्याची पोती? जातेत की. उजव्यावर माझी, डाव्यावर त्याची. त्याला काय लागतंय.

दोन्ही हात वर करू? हा बगा उजवा, पार कानाला लागला. डावा आज जरा — झोपेत अवघडला. बाही कशाला काढायची? आल्यापासून चारी बारीला मी उजवीच बाही काढली, ते बी बघून ठेवलं तुम्ही? लय बारीक नजर हाय मॅडम तुमची. लावा. लावा मलम. जल्दी.

काय दिसून राह्यलं? — ते काळं? तिथं तुटलीय? एवढी? न् खडा? ह्यात खडा न्हाई? मंग ह्या खांद्यात खडा बी न्हाई न् दोरी बी न्हाई.

भ्या वाटून राह्यलं मला मॅडम. घरी बी बोललो न्हाई. टोळीला कळलं तर दाभण माझ्या हातात देतील, जुना माणूस म्हणून, माझं ऐकणारच न्हाईत. न् भिवा उठंल. कुणी न सांगता उठंल, तसलाच हाय तो. उठून जाईल कुठं? — असं करा, तो अकरा नंबर आता मोकळाच झाला न्हाई का, त्याच्यावर हा डावा लावून टाका. भिवाचा म्हणून. इतके दिवस माझा चांगला वापरला त्यानं, आता फाटका बी वापरू द्या! — न्हाई चालत? ज्याचा त्याचाच पायजे? इलाज बी ज्याचा त्यालाच? हाय इलाज? दोघांचा बी? पण किती दिवस बसावं लागंल? तेवढे? दोघांनी?

थांबा. दारात आला तो. मीच बोलावलंतं, माझ्यावाणी दिसावा म्हणून मिशी काढून ये म्हणलं होतं. — ये भिवा, ये. तुझा तूच दाखव आता, मॅडमला सगळं कळलंय. नावं कुठं जात न्हाईत. माझं? माझं काय, एकदम शाबूत. मॅडम, सांगा त्याला. — बरं, नका सांगू, पण मशीन तिकडं फिरवा न् हे मलम पुसा. पुसा म्हणलं ना. सदरा घालतो न् चाललो मी, तीन गाड्या लागल्यात बाहेर. — न्हाई भिवा, राहू दे. मी घालतो माझी बाही. घालतो म्हणलं ना. — तू असा काय बघून राह्यला? बस खाली.