डोंगराचा खड्डा

डोळ्यांच्या दवाखान्यात एक शिंपीणबाई थेंब घालून, डोळे मिटून बाकावर बसल्या होत्या. डोळे मिटले तरी कान थोडेच मिटतात? शेजारी एक म्हातारे सुतार आणि त्यांची लेक येऊन बसली.

“बाबा, अंगठ्याला काय झालं?”

“दारात सापडला.”

“खरं सांगा.”

“हातोडी बसली. एक डोळा गेल्यापासून खिळा जवळ आहे की लांब, तेच कळत नाही गं. देऊन टाकतो हत्यारं कुणाला तरी.”

“आम्ही ग्रहाभोवती फिरवतो त्या यानालाही एकच डोळा आहे, बाबा.”

“मग त्या ग्रहावरचे डोंगर मोजता कसे?”

“ते घिरट्या घालताना एक फोटो काढतं, पुढे सरकतं आणि तोच डोंगर दुसऱ्या बाजूनं टिपतं. दोन्ही फोटो जोडीनं पाहिले की डोंगर उठून उभा राहतो. मी पहिल्यांदा डाव्याच्या जागी उजवा लावला, तर डोंगराचा खड्डा झाला! वर साहेबांना कौतुकानं दाखवला.”

“माझीच लेक शोभतेस!”

“तुम्हीही मान जरा हलवून बघा. आधी इकडून, मग तिकडून.”

“लोक म्हणतील, म्हातारा डुलायला लागला.”

“म्हणू देत. माझं नाक पकडा बघू, लहानपणी पकडायचात तसं.”

बराच वेळ बाईंच्या कानावर बाकाची करकर येत राहिली, आधी इकडून, मग तिकडून.

मग लेकीचा आवाज आला, चांगलाच गेंगाणा.

“आता सोडा ना, बाबा!”